फेमिनिस्ट फिलॉसॉफीचा पेपर अंगावर आलाय? घरातल्या कागदांपासनं सुरू करा

जून उजाडला की टाइमटेबल लागतं आणि कुणातरी नव्या मॅडमच्या नावापुढं 'स्त्रीवादी तत्त्वज्ञान : परिचय' असं आलेलं असतं. ओपन इलेक्टिव्ह, दोन क्रेडिट, तीस तास. बिचारीची पीएचडी चाललेली असते न्यायदर्शनावर नाहीतर कांटवर, आणि हाच पेपर का दिला म्हणून विचारलं तर उत्तर मिळतं "तुम्ही बाईच आहात की, तुम्हाला काय अवघड". तासिका तत्त्वावर असाल तर नाही म्हणायची सोय पण नसते. मग फोन येतात, मॅडम काय शिकवू, नोट्स आहेत का. नोट्स मी देत नाही पण कसं शिकवायचं ते सांगू शकते, कोल्हापुरातल्या वर्गात काय चालतं आणि काय चालत नाही ते.

पहिलं डोक्यात पक्कं करा की हा तत्त्वज्ञानाचा पेपर आहे. आठ मार्चचं व्याख्यान तीस तास ताणायचं नाहीये. पोरांना तुमच्याशी सहमत करणं हे तुमचं काम नाही, सेमिस्टर संपताना त्यांच्यासमोर "बाईला घरात मान असतोच की" असलं एखादं वाक्य टाकलं तर त्यातलं गृहीत काय, कारण काय दिलंय, ते कारण पुरतं का, आणि ह्यावर सगळ्यात तगडा आक्षेप कुठला, एवढं त्यांना सांगता आलं की झालं. एवढं जमलं तर पोरगा विरोधात बोलला तरी हरकत नाही. उलट विरोधात नीट बोलणारी दोन-तीन पोरं वर्गात असली की तास रंगतो.

दुसरं, पहिल्या आठवड्यात स्त्रीवादी चळवळीची पहिली लाट, दुसरी लाट, तिसरी लाट हा प्रकार अजिबात करू नका. गाइडमध्ये तसंच दिलेलं असतं, मला माहितीये, पण त्यानं होतं काय की पोरं सनावळ्या पाठ करतात आणि हे सगळं युरोप-अमेरिकेत झालं, आपल्याकडं बोटीतनं आलं, असं त्यांच्या मनात बसतं, आणि मग पुढं कितीही ताराबाई शिंदे सांगा, ती त्यांना नक्कल वाटते. लाटा शेवटी सांगा, एका तासात उरकतात.

वर्गात कोण बसतं तेही आधी बघून घ्या. साठ नावं असली तरी रोजची पस्तीस-चाळीस. त्यातली निम्मी कागल, राधानगरी, पन्हाळा, गगनबावड्याकडनं एसटीनं येणारी, दोन-चार शहरातल्या पेठांतली, आणि बरीच पोरं अशी की दुसऱ्या इलेक्टिव्हच्या जागा भरल्या म्हणून इकडं आली. हे लोक वाईट नसतात हो. फुकटचा पेपर समजून मागच्या बाकावर बसलेल्यातलाच एखादा पुढं सगळ्यात चांगले प्रश्न विचारतो. फक्त तास शेवटचा घेऊ नका, चार वाजता मुली बसच्या काळजीनं घड्याळ बघत असतात आणि तुम्ही एकट्याच स्वातंत्र्यावर बोलत असता.

आता पहिला तास. मी पोरांना आदल्या दिवशीच एक काम सांगते. घरातले कागद बघून यायचे. रेशनकार्ड, सातबारा किंवा घराचा उतारा, लाइट बिल, दूध संस्थेचं पासबुक, गाडीचं आरसी बुक. झेरॉक्स आणायची नाही, फोटो काढायचा नाही, नाव-गट नंबर काही सांगायचं नाही, फक्त पहिलं नाव कुणाचं आहे ते नातं लिहून आणायचं. आई, बाबा, आज्जी, आजोबा, चुलते. हे बंधन कडक पाळा, कारण वर्गात एकमेकांच्या भावकीतली पोरं असतात आणि कुणाच्या घरात काय वाद चाललाय ते आपल्याला माहीत नसतं.

मग फळ्यावर रकाने पाडायचे आणि हात वर करून मोजायचं. चित्र साधारण ठरलेलं असतं. सातबाऱ्यावर आजोबा, बाबा, चुलते. गाडी बाबांची किंवा भावाची. दूध संस्थेचं पासबुक बहुतेक बाबांचं, शेण आणि धार आईकडं असली तरी. आणि रेशनकार्डाच्या रकान्यात एकदम आई, आज्जी, आई, आई. पोरं स्वतःच चमकतात. कुणीतरी म्हणतं, सरकारनं केलं म्हणून. बरोबर आहे, 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई ही रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख ठरते. ज्यांचं कार्ड पांढरं, त्यांच्यात बाबांचं नाव निघू शकतं, तेही लिहून घ्या, अपवाद लपवायचे नाहीत.

इथं थांबून प्रश्न टाकायचा : कागदावर आई कुटुंबप्रमुख आहे, मग ती प्रमुख आहे का? पंधरा मिनिटं काही बोलू नका. "कार्डावर असलं म्हणून काय, निर्णय बाबाच घेतात." "आमच्यात आज्जीला विचारल्याशिवाय काही होत नाही." "आज्जीला विचारतात पण जमिनीचं नाही विचारत." बघा, सत्ता म्हणजे काय, अधिकार आणि मान ह्यात फरक काय, नियम बदलला की व्यवहार बदलतो का, हे तीन प्रश्न फळ्यावर आपसूक आले, एकही इंग्रजी पुस्तक न उघडता.

त्याच आठवड्यात मॅरिलिन फ्राय घ्या. 1983 मधला तिचा दडपशाहीवरचा निबंध आहे, छोटा आहे आणि सुरुवातीला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही. तिचं म्हणणं असं की पिंजऱ्याची एकच तार जवळनं बघितली तर कळतच नाही पक्षी बाजूनं उडून का जात नाही, लांब होऊन सगळ्या तारा एकत्र बघितल्या की कळतं. तुमच्या फळ्यावर तारा आधीच मांडलेल्या आहेत. सातबारा ही एक तार, गाडी एक, पासबुक एक. प्रत्येकावर "त्यात काय एवढं" म्हणता येतं. पण लगेच उलटा प्रश्न पण विचारा की मग पुरुषाला पण तारा असतातच की, कर्ज, कारखान्याची थकलेली बिलं, घर चालवायची जबाबदारी, तो पण पिंजऱ्यात नाही का? फ्राय ह्याचं उत्तर देते : त्रास होणं वेगळं आणि एका गटाचा माणूस म्हणून ठरावीक जागेत अडकवलं जाणं वेगळं. हे उत्तर पटतं का ह्यावर पोरांना भांडू द्या. माझ्या मते अर्धंच पटतं, शेतकऱ्याच्या बाबतीत तर नक्कीच वाद घालायला जागा आहे, आणि तसं मी वर्गात सांगतेसुद्धा.

आता ताराबाई. तिचं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक 1882 चं. आपल्याकडं ताराबाई शिंदे म्हटलं की हार घालून मोकळे होतात, युक्तिवाद कुणी शिकवत नाही. संदर्भ थोडक्यात द्या. सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर बालहत्येचा खटला चालला, फाशीची शिक्षा झाली, मग अपिलात कमी झाली, आणि त्यावरनं बायकांच्या चारित्र्यावर जे काही बोललं-लिहिलं गेलं त्यानं ही बुलढाण्याची बाई पेटून उठली. पण त्यानंतर लगेच मांडणीकडं या. ती काय करते? बायकांवर ठेवलेला एकेक आरोप उचलते आणि विचारते, हाच दुर्गुण पुरुषात नाही का, आणि असला तर त्याला वेगळा न्याय का? तत्त्वज्ञानात ह्याला सुसंगतीचा युक्तिवाद म्हणता येईल : तत्त्व एकच लावत असाल तर दोघांना सारखं लावा. पोरांना दोन-तीन पानं मोठ्यानं वाचायला लावा. जुनी मराठी आहे, पहिली पाच मिनिटं अडखळतात, मग तिचा टोमणा कळायला लागला की वर्ग हसतो, आणि हसला की समजा गाडी रुळावर आली.

तिच्या शेजारी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल ठेवा, बायकांच्या पारतंत्र्यावरचं त्याचं 1869 चं पुस्तक. मिल म्हणतो, बायकांचा स्वभाव काय आहे हे आपल्याला ठाऊकच नाही, कारण आजवर बघितलाय तो वाढवलेला, वाकवलेला स्वभाव. मेरी वुलस्टनक्राफ्ट त्याच्याही आधी, 1792 मध्ये, शिक्षणाच्या अंगानं हेच मांडते. आता फरक बघा. मिल म्हणतो स्वभाव माहीत नाही म्हणून निष्कर्ष काढू नका, ताराबाई म्हणते स्वभावाचं काय घेऊन बसलात, तुमचाच मापदंड तुम्हाला लावून बघू. दोन्हीतला युक्तिवाद कुठला जास्त मजबूत, ह्यावर एक पान लिहायला द्या. आणि ताराबाई कुठं कमी पडते तेही काढायला लावा, नाहीतर परत हार घालणं सुरू होतं.

मुक्ता साळवे ह्याच आठवड्यात घ्या, पुढं ढकलू नका. 1855 मध्ये ज्ञानोदयात आलेला निबंध, फुल्यांच्या शाळेत शिकणारी चौदा-एक वर्षांची मांग समाजातली मुलगी. ती विचारते की वेद फक्त ब्राह्मणांचे म्हणता, म्हणजे आम्हाला धर्मग्रंथ नाही, मग आमचा धर्म कुठला? आणि त्याच निबंधात डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचं दुःख येतं. जात आणि बाईपण ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत हे पोरांना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच कळलं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी दलित स्त्रीवाद शेवटच्या युनिटला टाकतात, दिवाळीच्या तोंडावर, मग तो उरकला जातो. त्यातनं पोरं बरोबर तेच शिकतात जे शिकायला नको.

जातीवर बोलताना एक पथ्य. वर्गातल्या दलित मुलीला "तू सांग तुझा अनुभव" असं कधीही म्हणायचं नाही. तिनं स्वतः सांगितलं तर ऐका, पण ती तुमच्या युनिटचं उदाहरण म्हणून ॲडमिशन घेऊन आलेली नाही. त्यासाठी लेखन आहे. बेबी कांबळे आहेत, उर्मिला पवार आहेत, त्यातला उतारा वाचा. मग शर्मिला रेगे, 1998 चा लेख, दलित स्त्रीच्या जागेवरनं जग बघितलं तर सगळ्यांना काय वेगळं दिसतं ते. अमेरिकेतली कायद्याची अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ, तिचा 1989 चा लेख ह्याच्याबरोबर लावा. जनरल मोटर्सच्या खटल्यात काळ्या बायका म्हणत होत्या आमच्यावर अन्याय झाला, आणि कोर्ट म्हणालं कंपनीत काळे कामगार आहेत, बायका पण आहेत, मग अन्याय कुठाय? काळे होते ते पुरुष, बायका होत्या त्या गोऱ्या. हे फळ्यावर दोन वर्तुळं काढून दाखवलं की दोन मिनिटांत कळतं.

माझं सगळ्यात आवडतं युनिट आंबेडकरांचं. 1916 मध्ये कोलंबियात वाचलेला जातींवरचा निबंध, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे. ह्याला राज्यशास्त्रवाले आपला समजतात, पण स्त्रीवादी तत्त्वज्ञानाच्या पहिल्या पेपरात हा पाहिजेच. फळ्यावर असं मांडा. जात टिकवायची तर लग्न जातीतच व्हायला पाहिजे. म्हणजे जातीत लग्नाच्या वयाचे पुरुष आणि बायका सारख्या संख्येनं लागतात. नवरा मेला की एक बाई जास्तीची झाली. तिनं बाहेर लग्न केलं तर जात फुटली, आत केलं तर एका मुलीच्या वाट्याचा नवरा गेला. मग करायचं काय? एक तर नवऱ्याबरोबर जाळायची, नाहीतर जन्मभर विधवा ठेवायची. आणि बायको मेली तर पुरुष जास्तीचा. त्याला जाळता येत नाही, संन्यास पण घ्यायला लावता येत नाही, मग लग्नाच्या वयाला न आलेली मुलगी त्याला द्यायची. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. तिन्ही एका गणितातनं बाहेर पडतात. पोरं हे बघून गप्प होतात कारण आजवर त्यांना हे तीन 'कुप्रथा' म्हणून वेगवेगळ्या धड्यात शिकवलेलं असतं, कारण कुणी दिलेलं नसतं. आता आक्षेप विचारा : हे गणित सगळ्या जातींना लागू पडतं का? ज्या जातींत पाट लागायचा, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न व्हायचं, त्यांचं काय? एखादा पोरगा नक्की सांगतो की आमच्यात पूर्वी व्हायचं पाटाचं लग्न. छान, मग ते कधी आणि का थांबलं, तेही विचारा, आंबेडकरांनी त्याच निबंधात वरच्यांची नक्कल खाली कशी उतरते ते सांगितलंय.

आणि इथनं थेट हेरवाडला जायचं. शिरोळ तालुक्यातलं गाव, 4 मे 2022 ला ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा वारल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात करायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना पण असं करायला सांगितलं. शिरोळकडची पोरं वर्गात असली तर त्यांना ठरावाआधीचं-नंतरचं बरंच माहीत असतं. प्रश्न असे विचारा. ठरावानं प्रथा जाते का? ठराव झाला, पण एखादी बाई स्वतःच म्हणाली की मला नको कुंकू, तर तिची निवड खरी मानायची का? आणि ठराव कुणी केला, मंजूर करताना किती विधवा बोलल्या असतील? शाहू महाराजांनी 1917 ला विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता, 1919 ला बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध केला, म्हणजे ह्याच मातीत शंभर वर्षांआधी कायदा होता आणि तरी ठराव लागला. हे पोरांना अभिमानानं सांगायला आवडतं, त्यांना अभिमान वाटू द्या, पण प्रश्न तिथं सोडू नका.

निवडीचा मुद्दा खरा पिकतो तो हक्कसोडपत्रावर, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर. ह्याला तीन तास द्या, बाकीचं काही कापा पण हे नाही. आपल्याकडच्या प्रत्येक पोरानं हे बघितलेलं असतं. आजोबांचं कार्य आटोपलेलं असतं, आत्या अजून गेलेल्या नसतात, सोप्यात सतरंजीवर बसलेल्या. कुणीतरी स्टॅम्प पेपरवर टाइप करून आणलेलं असतं, बाहेर गाडी लावलेली असते, आत्ताच रजिस्ट्रार ऑफिसला जाऊन येऊ म्हणजे परत हेलपाटा नको. चहा होतो. आत्या सही करतात. एकजण म्हणते, मला काय करायचंय जमीन, मला माहेर पाहिजे. भाऊ साडी घेतो. सगळं हसतखेळत.

आता विचारा, आत्यानं निवड केली का? तीन उत्तरं येतात आणि तिन्ही तत्त्वज्ञानातल्या तीन घराण्यांची आहेत. एक, सज्ञान आहे, जबरदस्ती नाही, सही केली, विषय संपला. दोन, नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं ते बघा, माहेरचं दार बंद झालं असतं, उद्या सासरी काही झालं तर जायचं कुठं, मग ह्याला निवड कशी म्हणायची. तीन, माहेर ही काय खोटी गोष्ट आहे का, माणूस नात्यात जगतो, तिनं नातं जमिनीपेक्षा मोठं मानलं तर तिला अडाणी का म्हणता? हे तिसरं उत्तर बहुतेक मुलीच देतात. इथं अमर्त्य सेन आणि मार्था नुसबाम आणा, माणूस मिळणार नाही त्याची इच्छाच कशी सोडून देतो ते सांगा, आणि लगेच त्याच्यावरचा आक्षेप पण : बाईनं आपल्याला न पटणारी निवड केली की ती 'खरी' नाही म्हणायचं, हा बाईचाच अपमान नाही का? मी स्वतः विचारते ते वेगळंच : नात्याची किंमत दोघांनी भरली का एकीनंच? भावाला बहीण पाहिजे म्हणून त्यानं काय सोडलं?

कायदा सांगायला विसरू नका, पोरांना तो अजिबात माहीत नसतो. महाराष्ट्रानं 1994 ला मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हिस्सा दिला, पण तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळलं, म्हणजे एकाच घरात थोरल्या आत्याला नाही आणि धाकट्या आत्याला आहे. 2005 ला केंद्राच्या दुरुस्तीनं हा फरक गेला, आणि 2020 ला विनिता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की 2005 ला वडील हयात होते का नव्हते त्याचा संबंध नाही.

ह्या तासाला एक पोरगा हमखास उठतो, "मॅडम लग्नात एवढा खर्च केला, तोच तिचा हिस्सा की." त्याला गप्प बसवू नका, लाजवू तर अजिबात नका. त्याचं म्हणणं फळ्यावर युक्तिवाद म्हणून लिहा. गृहीत : लग्नाचा खर्च आणि जमिनीचा हिस्सा एकाच मापात मोजता येतात. मग त्यालाच तपासायला लावा, खर्चातलं तिच्या हातात काय गेलं, ते ती विकू शकते का, तिला विचारून खर्च केला का, भावाच्या लग्नाचा खर्च त्याच्या हिश्श्यातनं वजा झाला का. शेवटच्या प्रश्नाला वर्ग स्वतःच आवाज करतो, आपल्याला काही बोलावं लागत नाही. आणि सगळं 'एखादी आत्या' असंच बोलायचं, कुणाच्या घरचं नाही. वर्गात कुणाचा तरी हाच दावा कोर्टात चालू असतो.

कामाच्या युनिटला आकडे हाताशी ठेवा. 2019 च्या सरकारी वेळवापर सर्वेक्षणात घरकामात दिवसाला हातभार लावणाऱ्या बायका 81 टक्के, पुरुष 26 टक्के, आणि त्यातसुद्धा करणाऱ्या बाईची सरासरी 299 मिनिटं, पुरुषाची 97. मग पोरांना काल आईनं पहाटेपासनं काय केलं ते तासावार लिहायला सांगा. गोठा, धार, चूल, डबे, शेतातली भांगलण, परत धार. बऱ्याच पोरांना लिहिता येत नाही कारण बघितलेलंच नसतं, मग ते घरी विचारून येतात, तो गृहपाठ समजा. "आई प्रेमानं करते" हा आक्षेप येणारच. प्रेमानं केलेलं काम काम नसतं का, एवढंच विचारा. इथं कॅरल गिलिगन, 1982. हाइन्झची गोष्ट वर्गात आधी सांगा, बायको मरायला टेकलीय, औषध परवडत नाही, चोरी करावी का? चिठ्ठीवर उत्तरं घ्या, मग गिलिगन काय म्हणते ते सांगा, की मुलगे नियम आणि न्यायाच्या भाषेत विचार करतात, मुली नात्याच्या आणि काळजीच्या. मुलांची आणि मुलींची उत्तरं तिच्या म्हणण्याप्रमाणं वेगळी निघत नाहीत असंच बहुतेक वेळा दिसतं, आणि ते तसंच सांगितलं तर चर्चा जास्त चांगली होते.

ऊसतोडीचं उदाहरण आपल्या दारात आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडनं उचल घेतो नवरा, फडात राबतात दोघं, पहाटेचा स्वयंपाक आणि मूल मात्र बाईकडं. मजुरी एकत्र, कष्ट दीडपट. 2019 ला बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढायच्या ऑपरेशनचं प्रकरण गाजलं आणि सरकारनं समिती नेमली, तेही जोडून घ्या. "निवड" ह्या प्रश्नाला इथं एकदम वेगळी धार येते, हक्कसोडपत्रातल्या आत्यापेक्षा.

शरीरावरचं युनिट मैदानात घ्या. आयरिस यंगचा 1980 चा निबंध, मुली चेंडू आखडून का फेकतात ह्यावरचा. ती म्हणते कारण हाडात नाही, परिस्थितीत आहे. आपल्याकडं फुटबॉलचं वेड केवढं, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाची मॅच असली की पेठा रिकाम्या होतात. मुलींना विचारा किती जणी कधी स्टेडियममध्ये बसून मॅच बघून आल्यात, आणि कुठं बसल्या होत्या. तेवढ्यावर तास जातो. ह्याला जोडून जुडिथ बटलर थोडीशी, जेंडर म्हणजे आत असलेली वस्तू नसून रोज रोज केलेली कृती आहे एवढंच, 1990 चं अवघड पुस्तक पहिल्या पेपरात उघडायची गरज नाही. "मी आलो, मी जातो" म्हणणाऱ्या कोल्हापुरी मुलींसमोर बोलताना उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही, त्यांना पुण्याला गेल्यावर काय ऐकावं लागतं ते त्याच सांगतात. तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख देणारा सुप्रीम कोर्टाचा 2014 चा नाल्सा निकाल सांगा, आणि जोगत्यांचा, म्हणजे यल्लम्माला सोडलेल्यांचा, विषय निघाला तर खिदळणं पहिल्या सेकंदाला थांबवा, नंतर थांबत नाही.

अंबाबाईच्या गाभाऱ्यात बायकांना प्रवेश द्यायचा का हा विषय निघतोच, 2016 चा वाद सगळ्यांना आठवतो. पहिल्या महिन्यात घेऊ नका. वर्गाला एकमेकांचं ऐकायची सवय लागल्यावर घ्या, आणि देवीबद्दल बोलू नका, समानतेबद्दल बोला : जिथं पुजाऱ्याशिवाय इतर पुरुषांनाही मज्जाव असेल आणि जिथं फक्त बायकांना असेल, ह्या दोन्ही ठिकाणी आक्षेप एकच आहे का?

छळाचा विषय येतो तो मिरांडा फ्रिकर, 2007 ह्यातनं. बाईचं म्हणणं बाई म्हणून कमी खरं मानलं जाणं हा एक अन्याय, आणि आपल्याला काय होतंय ते सांगायला समाजाकडं शब्दच नसणं हा दुसरा. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवरच्या पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या प्रकरणात आरोपी पोलिसांना सोडणारा 1978 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आणि त्यावर चार प्राध्यापकांनी लिहिलेलं खुलं पत्र पहिल्यासाठी घ्या, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळावरचा 1997 चा विशाखा निकाल दुसऱ्यासाठी. पण आदल्या तासाला सांगून ठेवा की उद्या हा विषय आहे, कुणाला बसायचं नसेल तर हजेरी लागेल. वर्गात कुणाला तरी हे घडलेलं असतं असं धरूनच चालायचं. तासानंतर एखादी थांबते, बोलते. ऐका, पण "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायच्या आधी विचार करा, आणि कॉलेजच्या अंतर्गत समितीवर कोण कोण आहे त्यांची नावं-नंबर तुमच्याकडं जूनपासनंच पाहिजेत. पुष्कळ ठिकाणी ती नावं नोटीस बोर्डावर जुन्या कमिटीचीच लटकलेली असतात, बघून घ्या.

वाचायला काय द्यायचं? इंग्रजी पीडीएफ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की कुणी उघडत नाही. प्रत्येक इंग्रजी लेखाचं दोन पानी मराठी टिपण तुम्ही स्वतः करा, त्यात मूळ लेखातला फक्त एक परिच्छेद ठेवा आणि तो वर्गात मिळून वाचा. फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हारच्या 'द सेकंड सेक्स' ह्या पुस्तकाचा करुणा गोखल्यांनी केलेला मराठी अनुवाद आहे, त्यातली प्रस्तावना पुरते. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात नाहीतर करवीर नगर वाचन मंदिरात पोरांना एकदा घेऊन जा, निम्म्यांनी पाय ठेवलेला नसतो.

इंटर्नलला पोस्टर, रांगोळी, 'स्त्री सबलीकरण काळाची गरज' निबंध असलं काही नको. एक पानी युक्तिवाद द्या. वर एक विधान, खाली कारण, मग आपल्याच विधानावर सगळ्यात जड आक्षेप, मग उत्तर. आक्षेपाला सगळ्यात जास्त मार्क ठेवा, कारण तिथंच कळतं पोरानं विचार केलाय का. विषय घरातल्या कागदाला किंवा गावातल्या ठरावाला जोडलेला असला की चॅटजीपीटीचा फारसा उपयोग होत नाही, तरीपण प्रत्येकाला पाच मिनिटं तोंडी विचारा. तुमच्या विरोधात लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क पडतात हे पहिल्या पेपरातच दिसू द्या, उत्तर वाचून दाखवा वर्गात, त्याचं नाव घेऊन. बाकी पोरं मग मॅडमला काय आवडतं ते लिहायचं बंद करतात.

स्टाफरूममध्ये "काय मॅडम, पोरींना बिघडवताय" असं हसत हसत म्हणणारे असतात, त्यांच्याशी चहा प्या आणि विषय बदला. "पुरुष आयोग कधी" असं वर्गात विचारलं तर मात्र बदलू नका, फळ्यावर लिहा, गृहीत काय, कारण काय, आणि पोरांना लागू द्या कामाला. खोट्या केसेसचा मुद्दा पण तसाच : काही केसेस खोट्या असतात ह्यातनं नेमका काय निष्कर्ष निघतो, काय निघत नाही?

राहिल्या लाटा. त्या शेवटच्या तासाला, तारखांसकट, युनिव्हर्सिटीच्या प्रश्नपत्रिकेत टीप लिहा म्हणून येऊ शकतात. आणि मार्क पोर्टलवर भरायच्या आधी त्या एक पानी युक्तिवादांचे फोटो काढून ठेवा, पुढच्या जूनला दुसऱ्या कुणाच्या तरी नावापुढं हा पेपर येणार आहे.